भोईर गुरुजींचं न्यू फाउंडलंड

शिरगणतीचं काम मास्तरांच्याच गळ्यात का पडतं, हे सरकारला विचारावं. तलाठी काहीतरी कारण काढून निसटतो, पोष्टमन निसटतो, मास्तर मात्र दर दहा वर्षांनी बरोबर सापडतो. तुळशीराम भोईर गुरुजी तर तिसऱ्यांदा सापडले होते. एक्केचाळीस साली अंगात रग होती, एक्कावन्न साली स्वराज्याची हौस होती. एकसष्ट साली उरला होता तो एक दुखरा गुडघा आणि निवृत्तीला बाकी राहिलेले चौदा महिने.

या खेपेला त्यांच्या वाट्याला पनवेलचा कोळीवाडा आला होता. एकशे बारा घरं, प्रत्येक दारावर गेरूने टाकलेला नंबर. खाडीवरून वारा आला की कागदाच्या चिठ्ठ्या उडायच्या, त्यांच्यामागे धावायचं बळ नसल्यामुळे गुरुजी आधीच त्यांच्यावर चप्पल ठेवायचे. माणसं नीट सांगत नसत. वय विचारलं की बायका हसायच्या, पुरुष शेजाऱ्याकडे बघायचे. गुरुजी आपले अंदाजाने लिहायचे आणि पुढच्या दारी जायचे.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा एकशे अकरा घरं झाली होती. राहिलं होतं एक. घर नंबर एक्केचाळीस.

त्या घरावरून गुरुजी पंधरा दिवस रोज जात होते. कधी दार बंद होतं म्हणून, कधी ऊन झालं म्हणून, कधी गुडघा म्हणून ते घर टळत होतं. मैनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा विचारलंसुद्धा, की बाकीचा वाडा संपला तरी ते एक घर तुम्हाला का चावतं? गुरुजींनी गुडघ्याचं नाव पुढे केलं. खरं उत्तर द्यायचं तर घरात दोनच बायका होत्या, चिठ्ठ्याही दोनच लागणार होत्या. पण त्यातल्या दुसऱ्या चिठ्ठीवर एक रकाना होता. विवाहित, अविवाहित की विधवा? त्या रकान्यात काय भरायचं हे सगळ्या कोळीवाड्यात एकट्या गुरुजींना माहीत होतं, आणि गेली चार वर्षं त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आता हे सगळं झालं कसं, ते सांगायला हवं.

घर नंबर एक्केचाळीसमधल्या भीमाबाईचा एकुलता एक मुलगा दादू त्रेचाळीस साली गुरुजींच्या शाळेत पाचवीत होता. त्या वर्षी भूगोलात साहेबाच्या राज्यातले सगळे मुलूख शिकवायचे होते. गुरुजींना भूगोलाचं भारी वेड. स्वतः अलिबागच्या पलीकडे गेले नव्हते, पण नकाशावर काठी ठेवली की त्यांचा आवाज चढायचा. त्या दिवशी काठी न्यू फाउंडलंडवर होती. साडेचारशे वर्षांपूर्वी एक गलबत धुक्यातून तिथे पोचलं, नवी सापडलेली भूमी म्हणून तिचं तसंच नाव पडलं. आणि मुलांनो, तिथल्या समुद्रात मासळी इतकी दाट, की खलाशांनी दगड बांधून टोपली खाली सोडावी आणि भरून वर ओढावी!

वर्गात निम्मी पोरं कोळ्यांची. ती पोट धरून हसली. मासळी अशी टोपलीत येत असती तर त्यांचे बाप जाळी कशाला विणत बसले असते? एकटा दादू हसला नाही. त्याने हात वर करून विचारलं, "गुरुजी, कुटची मासली?"

"कॉड म्हणतात."

"चवीला कशी आसते?"

हे काही पुस्तकात नव्हतं. गुरुजी म्हणाले, "तू जा आणि खाऊन बघ."

असं आपण मुलांना दिवसातून दहा वेळा म्हणतो. पण दादू गेला की! त्रेपन्न साली, लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा, तो मुंबईहून मालाच्या बोटीवर खलाशी म्हणून चढला. वर्षभराने बोट न्यू फाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदराला लागली तेव्हा तो तापाने फणफणला होता. बोट त्याला दवाखान्यात टाकून निघून गेली. बरा झाल्यावर तो परत फिरायचा सोडून एका मच्छीमाराच्या घरी कामाला राहिला. चार पैसे साठवतो आणि येतो, असं त्याने कळवलं.

पत्रं शाळेच्या पत्त्यावर यायची, कारण घरात वाचणारं कुणी नव्हतं. भीमाबाईला डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि सून गुणाबाई शाळेत गेलेली नव्हती. पत्र आलं की गुरुजी शाळा सुटल्यावर कोळीवाड्यात जायचे, ओट्यावर बसायचे आणि मोठ्याने वाचायचे. अशी पाच पत्रं आली. दादूच्या पत्रात दुसरा विषय नसायचा. मासळी कशी चिरतात, काटा कसा एका हाताने ओढून काढतात, मीठ कसं लावतात, तिथलं मीठ कसं बारीक आणि आपल्या आगरातलं कसं चांगलं, जाळ्याची गाठ कशी वेगळी. बर्फाबद्दल एक ओळ, थंडीबद्दल अर्धी. एकदा मात्र खास गुरुजींना लिहिलं होतं, "तुमी हा मुलूख वेगला शिकवला व्हता. आता तो कॅनडाचा धावा प्रांत झालाय. पुस्तक बदला. आमच्या म्हाताऱ्या मालकानं त्या दिवशी दाराला काला फडका बांदला व्हता म्हनतात." गुरुजींनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि नकाशावर दहावा आकडा स्वतःच्या हाताने टाकला. त्या दिवसाइतका अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता.

सत्तावन्नच्या श्रावणात सहावं पत्र आलं. पाकीट तसलंच, राणीच्या तिकिटाचं, पण आत टाइप केलेलं इंग्रजी. गुरुजींचं इंग्रजी बेताचं. शाळेतल्या शब्दकोशाची पानं उलटत त्यांनी ते अर्ध्या तासात लावलं. त्या गावच्या पाद्रीसाहेबांनी लिहिलं होतं, की धुक्यात दादूची होडी गेली, होडी मिळाली, आतली दोन माणसं मिळाली नाहीत, ती बुडाली असं मानण्यात येत आहे.

ते पत्र खिशात घालून गुरुजी सांगायलाच निघाले होते, हे त्यांच्या बाजूने बोलायला हवं. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण नारळी पुनव दोन दिवसांवर आलेली, वाडा रंगलेला, आणि ओट्यावर भीमाबाई अख्खा शेजार गोळा करून बसलेली. पोष्टमनने तिला आधीच सांगितलं होतं, की म्हातारे, परदेशाचं पाकीट आलंय. गुरुजींच्या पायांचा आवाज ओळखून ती ओरडली, "आलं गो, माज्या पोराचं कागद आलं! वाचा गुरुजी, आता थांबू नका."

दहा-बारा माणसं तोंडाकडे बघत होती. गुणाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गुरुजींनी कागद उघडला आणि तोंडात येईल ते वाचलं. तोंडात दुसरं काय येणार? भूगोल आला. "आई, मी सुखरूप आहे. आमचं हे बेट बेचाळीस हजार चौरस मैलांचं आहे. किनारा फार दंतुर आहे. उत्तरेकडून बर्फाचे डोंगर वाहत येतात."

महिन्याभराने सांगू, असं त्यांनी ठरवलं. मग भीमाबाईला ताप आला. मग सण आला. मग सांगायला इतका उशीर झाला की त्या उशिराचंच काय सांगायचं, हा प्रश्न पडला. खोट्याचं असं असतं, की एकदा त्याला घरात घेतलं की ते रोज जेवायला मागतं. वर्षातून तीनदा गुरुजी जुन्या पाच पाकिटांतलं एखादं घेऊन कोळीवाड्यात जायचे आणि कोऱ्या कागदावरून दादूचं पत्र वाचायचे.

पत्रात घालायचं काय, हीच पंचाईत. मासळीतलं गुरुजींना काडीचं कळत नव्हतं. ते आगऱ्याच्या घरातले, त्यांचा बाप मिठागरात राबलेला. त्यांना जे येत होतं ते त्यांनी घातलं. वाचनालयात जाऊन जाडजूड वार्षिक पुस्तकातून आकडे उतरवून आणले. वस्ती तीन लाख एकसष्ट हजार. ती सगळी किनाऱ्याला, बंदराबंदरात विखुरलेली, आत नुसता खडक आणि रान. भीमाबाई एकेका वाक्याला अडवायची.

"तीन लाख म्हंजे किती वो?"

"आपल्या कुलाबा जिल्ह्यात नऊ लाख आहेत. त्याच्या निम्म्याहून कमी."

"यवढ्याच मानसांत माजं पोर कुटं बी सापडंल," म्हातारी खूश व्हायची.

नावाचं पत्र वाचलं तेव्हा तर तिने गुरुजींना घामच फोडला. "सापडलेली भूमी? मंग आदी ती हरवली व्हती काय? तितं कोन ऱ्हात नव्हतं?"

"राहत होते. अंगाला तांबडा रंग लावायचे. ते लोक आता संपले."

"त्ये काय म्हनायचे त्या मुलखाला?"

"ते कुणी विचारून ठेवलेलं दिसत नाही," गुरुजी म्हणाले आणि घाईघाईने लॅब्रॅडॉरकडे वळले. तो या प्रांताचा दुसरा भाग, बेटाच्या अडीचपट मोठा आणि जवळजवळ ओसाड. पोर्तुगीज भाषेत त्या शब्दाचा अर्थ शेतकरी.

"समिंदराच्या मुलखाला शेतकऱ्याचं नाव?" भीमाबाईने कपाळावर हात मारला. "म्हंजे आगरी तितं बी पोचला वाटतं आमच्या आदी!"

सगळे हसले, गुरुजीही हसले. पण घरी येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की त्यांना असं वाटायचं, की दिवसभर कुणाचं तरी ओझं वाहून आलो आणि उद्या पुन्हा तेच वाहायचं आहे. बेटाची लांबी संपली, रुंदी संपली, नद्या संपल्या. संत जॉनच्या सणाला गलबत शिरलं म्हणून बंदराचं नाव सेंट जॉन्स, हेही दोनदा सांगून झालं. शेवटी जिव्हाळ्याचं काहीतरी हवं म्हणून अठ्ठावन्नच्या दिवाळीत त्यांनी एक ओळ मनाने घातली. "गुणा, सणाला दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या भर. समज, मीच भरल्या." ती ओळ गुरुजींनी दोनदा वाचून दाखवली. गुणाबाई मात्र उठून आत गेली. रडायला गेली असेल, असं त्यांना वाटलं.

गुणाबाई तेव्हा चोवीस वर्षांची होती. आता सत्तावीस. डोक्यावर टोपली घेऊन ती बाजारात जाताना दिसली की गुरुजी रस्ता बदलायचे. कोळ्यांत नवरा गेलेल्या बाईचा पाट लागतो. हिचा लागला असता, एखादं मूल खेळलं असतं. आपण हिला धुक्यातल्या एका बेटावर बसवून ठेवलंय, चौरस मैल मोजत, हे गुरुजींना चांगलं कळत होतं. कळून ते थकत होते, एवढंच.

तर मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा गुरुजी एक्केचाळीस नंबरच्या ओट्यावर येऊन बसले. सकाळचे दहा वाजले असतील. भीमाबाई भिंतीला टेकून सुतळी उलगडत होती. गुणाबाईने पाणी दिलं.

"कागद आलं काय?" म्हातारीने विचारलं.

"नाही. आज सरकारचं काम. माणसं मोजतोय."

पहिली चिठ्ठी सोपी होती. भीमाबाई, कुटुंबप्रमुख, वय अंदाजे सत्तर, विधवा. मग म्हातारीने सुतळी खाली ठेवली. "आता दादूचं लिवा."

"जो इथे राहत नाही त्याचं लिहिता येत नाही, भीमाबाई."

"का? घर त्याचं हाय."

"तो जिथे असेल तिथे मोजतात."

"तितं मोजतात काय त्याला?"

गुरुजींनी चष्मा काढून धोतराला पुसला. कॅनडाची शिरगणती यंदाच जूनमध्ये होती, हे त्यांना वाचनालयातल्या त्याच पुस्तकाने सांगितलं होतं. "जूनमध्ये मोजणार आहेत," ते म्हणाले. एवढं तरी खरं होतं.

"मंग त्येनला पत्र टाका. कोलीवाड्यातला एक हाय, सोडू नका म्हनावं. नायतर हितं बी नाय आन तितं बी नाय, आसं व्हायचं माज्या पोराचं."

गुरुजींनी दुसरी चिठ्ठी समोर ओढली. नाव, गुणाबाई. नातं, सून. वय, सत्तावीस. आणि तिथे टाक थांबला. गेली चार वर्षं ते तोंडाने खोटं बोलले होते, पण लिहिलं कधी नव्हतं. कोऱ्या कागदावर काहीच लिहिलेलं नसतं. हा कागद कोरा राहणार नव्हता, तो सरकारजमा होणार होता, आणि खाली तुळशीराम भोईर अशी सही होती. विवाहित लिहावं, तर एकोणतीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलेल्या हाताने पहिल्यांदा खोटं लिहावं लागणार. विधवा लिहावं, तर हिला आत्ता, या ओट्यावर, म्हातारीच्या देखत सांगावं लागणार.

गुणाबाई त्या थांबलेल्या टाकाकडे बघत होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "जरा मागल्या दारी या. सुकं बोंबील बाजूला ठेवल्यात तुमच्यासाटी. निवडून घ्या."

घरामागे बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत टांगले होते. पलीकडे ओहोटीची खाडी, नुसता चिखल. गुणाबाई बोंबलांकडे गेलीच नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "विधवा लिवा."

गुरुजी तिथल्या उपड्या टोपलीवर बसले. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच सांगितलं. दोन वर्सांमागं, दिवालीला."

"मी?"

तिने दोन्ही हात पुढे केले. डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. उजवा हात रिकामा होता. "ह्ये बगितलंत कवा?"

गुरुजींनी ते जन्मभर बघितलं होतं. पनवेलच्या बाजारात मासळी तोलणारी प्रत्येक कोळीण एका हाताने रिकामी असते. रोज बघत होते म्हणूनच बहुतेक कधी पाहिलं नव्हतं.

"लग्नात उजव्या हाताचा चुडा आमी समिंदराला देतो," गुणाबाई म्हणाली. "माज्या दादल्याची राखन कर म्हनून. तो हात मंग समिंदराचा. तो भरला तर दिलेलं मागं घेतल्यावानी व्हतं. कोल्याचं पोर बुडत आसलं तरी बायकोला दोनी हात भर म्हननार नाय. तुमी वाचलंत तवा मला वाटलं, एक तर दादू माज्यावर उलटलाय, नायतर लिवनारा दुसराच कोन. मंग बसून इचार केला. फिरून फिरून पाकिटं तीच पाच हायत, कागद किती तरी झालं. आन आदीच्या कागदांत मासली व्हती. मागनंच्यांत नुसता नकाशा."

खाडीवर बगळे होते. गुरुजी त्यांच्याकडे बघत राहिले. आपल्याला आधी लाज वाटेल असं त्यांना वाटलं होतं, पण आधी आला तो राग. "मग बोलली का नाहीस? मी इथे येताना काय काय..." ते अडखळले. "मी थकलो ग, गुणाबाई. चार वर्षं तुझी मी खाल्ली, या विचाराने मला धड झोप नाही."

"चार नाय. येक तुमी खाल्लंत. बाकीची मी दिली."

"का पण?"

तिने घराकडे मान वळवली. आतून म्हातारीच्या सुतळीचा खसखस आवाज येत होता. "तुमी कागद वाचून गेलात, की आय दोन दीस पोटभर जेवते. डोलं नाय तिला, कान हायत. माज्या बांगड्या वाजतात का, ते ऐकत आसते. येक दीस भांडी घासताना मी बांगड्या वर सारल्या, तर भितीला धरत धरत आली, हात चाचपला. मी बोलले आसते तर डावा हात बी रिकामा करावा लागला आसता. मंग काय ऐकली आसती ती?"

ज्या ओझ्याखाली आपण एकटेच वाकलोय असं गुरुजी समजत होते, त्याचं दुसरं टोक ही पोर इतके दिवस धरून उभी होती. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. गुणाबाई तेवढा वेळ बोंबील उलटे करत राहिली.

"कसा गेला?" मग तिने विचारलं.

"धुकं होतं. होडी मिळाली. दोघं होते."

"येकटा नव्हता म्हंजे."

"नाही. एकटा नव्हता."

तिने मान हलवली. मग उजव्या हाताने पदर तोंडावर दाबून धरला. खाडीच्या बाजूला तोंड करून ती तशीच उभी राहिली. एक शब्द तेवढा गुरुजींना ऐकू आला. "राखन," ती म्हणाली, आणि चिखलाकडे बघून थुंकली.

ते दोघं पुढच्या दारी आले. गुरुजींनी चिठ्ठी मांडीवर घेतली, रकान्यात विधवा लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि म्हातारीला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "गुणाबाई, विवाहित."

"आता त्ये काय सांगाया पायजे?" भीमाबाई म्हणाली.

गुरुजी निघाले तेव्हा गुणाबाई बोंबलांची जुडी द्यायला अंगणापर्यंत आली. "पुडलं कागद कवा आनता?"

गुरुजींना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "आता कसलं पत्र? माझ्याकडचा भूगोल संपला, बाई. आता त्या बेटाचं सांगायला काही उरलं नाही."

"नकाशा नकोच. ऐतवारी मी साळंत येते. मी सांगते, तुमी लिवा. आन खरोखर लिवा, कोरा कागद नको."

रविवारी दुपारी शाळा रिकामी होती. भिंतीवर तोच जुना नकाशा लटकत होता, गुरुजींच्या हातच्या दहाव्या आकड्यासकट. गुणाबाईने तो बघितला, कुठे ते विचारलं, आणि गुरुजींनी दाखवल्यावर म्हणाली, "बारका हाय." मग ती फरशीवर बसली आणि सांगू लागली.

गुरुजींनी एकोणतीस वर्षं शुद्धलेखन घातलं होतं. आज ते स्वतः घेत होते. आय, औंदा मासली उशिरानं आली. मालकाच्या जाल्याला भोकं लई, मी आपली गाठ मारून दावली तर म्हातारा बगतच ऱ्हायला. मासलीचं डोकं ही मानसं फेकून देत्यात, मी त्याचं कालवन केलं, कोकम नव्हतं म्हनून चव नाय आली. पाय दुकतो काय तुजा? खोबरेल लाव. गुणाबाई एकदाही अडखळली नाही. आठ वर्षांपूर्वी बोटीवर चढलेला माणूस तिच्या तोंडून तंतोतंत बोलत होता. गुरुजी खाली मान घालून लिहीत राहिले, कारण वर बघायचा त्यांना धीर नव्हता.

पान संपत आलं. पत्राचा शेवट नेहमी बायकोच्या निरोपाने व्हायचा. गुरुजींनी टाक शाईत बुडवला. "आणि गुणाबाईला काय लिहायचं?"

ती पहिल्यांदा थांबली. डाव्या हातातल्या बांगड्या तिने एकेक करून पुढे सरकवल्या, मागे सरकवल्या.

"लिवा," ती म्हणाली. "गुणा, आय हाय तवर डावा हात वाजू दे. मागनं तू मोकली."

गुरुजींनी लिहिलं.

"हे वाचायचं नाही ना?"

"नाय. ते माजं हाय. कुटं लिवलंय तेवडं दावून ठेवा."

त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. गुणाबाईने आपलं बोट तिथे ठेवलं, ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच नेलं, आणि शाई लागलेलं ते बोट मुठीत मिटून घेतलं.

संध्याकाळी ओट्यावर गुरुजींनी पत्र वाचलं. शेजारची दोन-चार माणसं येऊन बसली. गाठीचं ऐकून भीमाबाईने मांडीवर थाप मारली. कालवणाचं ऐकून म्हणाली, कोकम नाय तर चिंच घालायची, येवडं बी कलत नाय ह्या पोराला. खोबरेलाशी आल्यावर ती दुखरा पाय हाताने चोळत बसली.

"लई दिसांनी पोरगं पोरावानी बोललं," ती म्हणाली. "मदी त्याला काय झालं व्हतं, कुनास ठाव."

गुरुजींनी पत्राची घडी घालायला घेतली.

"संपलं?" भीमाबाईने कान इकडे केला. "आन सुनंला काय लिवलं नाय?"

गुरुजींच्या हातात ती ओळ होती. त्यांनी चौकटीकडे बघितलं.

"लिवलंय की, आय," गुणाबाई म्हणाली, आणि म्हातारीला ऐकू जावं म्हणून तिने डावा हात हलवला.